मोहरीएवढ्या अक्षरांची चिठ्ठी

३ मार्च, सोमवार

सव्वीस वर्षं कोर्ट आणि नगरपालिका सांभाळल्यावर आज माझी बदली रविवारच्या पुरवणीत झाली. संपादक म्हणाले, "तुमची भाषा छान आहे." बातमीदाराला हे सांगणं म्हणजे गाणाऱ्याला 'आज माईक छान होता' असं सांगण्यापैकी आहे. मी मान डोलावली. चोपन्नाव्या वर्षी मान दोनच कामांची उरते, डोलवायच्या आणि आखडायच्या.

पुरवणी पाहणारी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे आणि मला 'सर' म्हणते, त्यामुळे भांडायची सोय नाही. तिने पहिला विषय दिला. लोक हल्ली वस्तूंऐवजी अनुभव भेट देतात: पोहण्याचा वर्ग, नावेतली फेरी, मातीची भांडी घडवायची एक दुपार. पण देताना हातात असतो नुसता कागदाचा कपटा. तो बांधून, सजवून द्यायचा कसा, यावर बाराशे शब्द.

मी म्हटलं, "अनुभव गुंडाळता येत नाही. अनुभवच माणसाला गुंडाळतो."

तिने ते लिहून घेतलं. मी गंमत करत होतो हे सांगायला उशीर झाला.

घरी बायको म्हणाली, "बरं झालं. आता निदान एखादी भेट धड कागदात बांधलेली येईल." मागच्या वाढदिवसाला मी तिला पुस्तक दिलं होतं, दुकानाच्या पिशवीसकट.

आजपासून ही वही. छापून येणाऱ्या लिखाणात जीव उरला नाही की माणूस न छापायचं लिहायला घेतो.

५ मार्च, बुधवार

दादाच्या दुकानात गेलो. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला औषधवाला, आणि मध्ये दादाचं दुकान. बाकावर दोन जाड माणसांच्या मधोमध एखादा सडपातळ माणूस अंग चोरून बसावा तसं. एकेचाळीस वर्षं तो तिथे घड्याळं दुरुस्त करतोय. मी दारात उभा राहिलो तर म्हणाला, "कोण?"

तीन आठवडे फिरकलो नव्हतो, त्याचा हा टोमणा. मी म्हटलं, "तुझा धाकटा भाऊ. जन्मखूण दाखवू?"

"आवाज पुरे झाला. ये, पंडित."

शाळेत संस्कृतात पहिला आलो तेव्हापासून मी पंडित. माझं खरं नाव दादाला आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

त्याने दुकान बंद करायचं ठरवलंय. तेवीस तारखेला, रविवारी दुपारी, जुन्या गिऱ्हाइकांना चहाला बोलवायचं आणि कुलूप लावायचं. "लोक घड्याळं घालत नाहीत आता. सेल बदलायला येतात, तो कोणीही बदलेल." मी हळहळलो, काळ बदलला वगैरे बोललो. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ किल्लीचं चांगलं घड्याळ घेऊन आले. दादाने ते कानाला लावलं, बोटांत फिरवलं आणि त्यांना पुढच्या चौकातल्या दुकानात पाठवून दिलं. म्हणे पार्ट मिळत नाही. दादाने घड्याळ न उघडता परत दिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मन उडालं की माणसाचं असं होतं.

आणखी एक. हल्ली बोलताना तो माझ्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघतो. लहानपणी फार उपटायचा, ती सवय बोटांत शिल्लक असणार.

८ मार्च, शनिवार

लेखासाठी एका बाईंकडे गेलो. त्यांचा धंदाच बांधाबांधीचा. लांबच लांब टेबल, भिंतीवर कागदांचे गुंडाळे, आणि कात्र्या इतक्या की न्हाव्याला न्यूनगंड यावा. मी त्यांना कागदवाल्या बाई म्हणतो (वहीत, तोंडावर 'मॅडम').

त्यांचं कसब मात्र खरं. गिर्यारोहणाच्या सहलीची चिठ्ठी त्यांनी नव्या बुटाच्या नाडीत ओवून दिली होती. बूट बांधायला घेतल्याशिवाय सापडणार नाही. नावेच्या फेरीची चिठ्ठी बाटलीत, आणि बाटली पाण्याने भरलेल्या बादलीत. बेकरीत पाव शिकायला जाणाऱ्यासाठी पिठाचा डबा, तळाशी चिठ्ठी, कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय सुटका नाही. एका नवऱ्याने बायकोला दिवसभर एकटं राहण्याची भेट दिली होती. तिला यांनी फक्त घराची किल्ली बांधून दिली, सात कागदांत, आणि प्रत्येक कागदावर घरातल्या एकेका माणसाचं नाव. एकेक उलगडायचा आणि बाजूला टाकायचा.

मी विचारलं, "यामागचं सूत्र काय?"

"घेणाऱ्याचा हात ओळखायचा. हाताला जे रोज करायची सवय असते, तेच उघडताना करायला लागलं पाहिजे. मग भेट आधीच सुरू होते."

मला हे आवडलं नाही, कारण ते माझ्या व्युत्पत्तीपेक्षा चांगलं होतं. मी म्हणणार होतो, 'अनु' म्हणजे मागून आणि 'भव' म्हणजे होणं, तेव्हा अनुभव हा व्याकरणानेच उशिरा येणारा पाहुणा आहे, त्याला दारात ताटकळत ठेवणं म्हणजेच वेष्टन. तरी म्हणालोच. त्यांनी शांतपणे सुतळी कापली.

९ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला. वहिनी म्हणजे माझ्या बायकोची ज्येष्ठ जाऊ आणि आम्हा सगळ्यांची वरिष्ठ न्यायालय. त्या आयुष्यभर कशाला रागावल्या नाहीत, पण आज मी स्टूल उचलून खिडकीशी नेलं तर म्हणाल्या, "भावजी, होतं तिथेच ठेवा ते." ठेवलं. मग पाहिलं, घरात प्रत्येक वस्तूची जागा आखल्यासारखी झाली आहे. पाण्याचा तांब्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्याला, चपला उंबऱ्यापासून एक वीत. माणसं रिकामी होणार म्हटलं की घर असं कडक होत असावं.

चहा दादाने ओतला. ओतताना एक बोट कपाच्या काठावरून आत. मी म्हटलं, "स्वच्छतेचं नवं धोरण दिसतंय." तो म्हणाला, "तुझ्या कपात मुद्दाम घातलं."

पेपर पुढे केला तर घेतला नाही. "आज काय खरडलंस ते तूच सांग. बातमीपेक्षा बातमीदार ऐकायला बरा."

माझं लिखाण तो वाचत नाही हे मला ठाऊक होतं. इतक्या उघडपणे नाही म्हणाला नव्हता, एवढंच. लागलं थोडं.

जेवणानंतर चौकापर्यंत सोडायला आला. रस्ता ओलांडताना त्याने माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वय झालं की माया वाढते.

११ मार्च, मंगळवार

भेट सुचली. नगरपालिकेच्या इमारतीवर घड्याळाचा मनोरा आहे. महिन्यातून एका रविवारी चार माणसांना राखणदारासोबत आत सोडतात, चाकं, लंबक, घंटा, सगळं जवळून बघायला. दादाने उमेदीत त्या घड्याळाच्या दुरुस्तीचं काम मागितलं होतं, मिळालं नाही. तेव्हापासून तो त्याच्या ठोक्यांवर आपली घड्याळं लावतो आणि म्हणतो, "अकरा सेकंद मागे आहे, पण कोणाला सांगू नकोस, मनोरा आहे, त्याला वाईट वाटेल."

सव्वीस वर्षं नगरपालिकेवर लिहिलं त्याचं फळ म्हणून ३० तारखेच्या चारही जागा मिळाल्या. कारकून म्हणाला, "साहेब, यावर काही लिहू नका म्हणजे झालं."

१४ मार्च, शुक्रवार

वेष्टन सुचलं, आणि झोप उडाली. दादाचा हात रोज काय करतो? भिंग डोळ्याला लावतो. तेव्हा चिठ्ठी अशी लिहायची की ती भिंगाशिवाय वाचताच येऊ नये. मोहरीएवढी अक्षरं. आणि ती ठेवायची खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळाच्या रिकाम्या डबीत, यंत्राच्या जागी. चारचौघांत दादा भिंग लावणार, चिठ्ठी वाचणार, आणि सगळे थक्क.

कागदवाल्या बाईंना सांगायला गेलो. शाबासकी हवी होती, लपवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना भिंग लावून काम करताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

मी म्हटलं, "अहो, एकेचाळीस वर्षं तेच तर करतोय तो."

"ते नाही विचारलं मी," म्हणाल्या, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. कलावंत लोकांना दुसऱ्याची कल्पना पचत नाही.

१६ मार्च, रविवार

डबी मिळवायला वहिनींना कटात घ्यावं लागलं. दादा आंघोळीला गेल्यावर त्यांनी कपाटातून आमच्या वडिलांच्या घड्याळाची चांदीची डबी काढून दिली. बेत ऐकल्यावर म्हणाल्या, "भावजी, चिठ्ठी जरा मोठ्या अक्षरांत लिहिली तर नाही का चालणार?"

"मग त्यात राहिलं काय वहिनी? मोठी अक्षरं म्हणजे लाईट बिल झालं."

"बिल तरी वाचता येतं," म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वहिनींना कोटी उशिरा कळते.

१७ मार्च, सोमवार

लेख दिला. पुरवणीवाल्या मुलीने 'अनु' आणि 'भव' दोन्ही कापले. तेवीसच्या पुरवणीत येईल.

२० मार्च, गुरुवार

तीन दिवस रोज संध्याकाळी चिठ्ठी लिहितोय. अठरा कागद फुकट गेले. बायकोने शेजारी बसून दिवा धरला आणि म्हणाली, "लग्नाआधी मला पत्रं लिहायचात तेव्हा अक्षर एवढं कोरून काढलं नव्हतं." खरं आहे. तेव्हा घाई होती.

आज जमलं. सत्तावीस शब्द, अंगठ्याच्या नखात मावतील असे: 'दादा, एकेचाळीस वर्षं तू काळाला मुठीत धरून बसलास. आता एक सकाळ तू त्याच्या पोटात शिर. मनोऱ्याचं घड्याळ तुझी वाट पाहतंय. ३० तारखेला, सकाळी अकरा वाजता. तुझा, पंडित.'

वाचून मलाच भरून आलं, आणि तिथेच शंका आली. आमच्या व्याकरणात भेट घेणाऱ्याची विभक्ती वेगळी असते, चतुर्थी. ज्याच्यावर क्रिया घडते त्याची द्वितीया. मराठीत मोठी पंचाईत अशी की दोन्हींचा प्रत्यय एकच, 'ला'. 'दादाला' म्हटलं की कळत नाही, दादाला काही दिलं की दादाला कामाला लावलं. ही भेट त्याच्यासाठी आहे की वीस माणसांसमोर माझी कल्पना नाचवण्यासाठी? प्रामाणिकपणे लिहायचं तर थोडी दुसरीच. पण त्यात त्याचं काय जातंय?

२३ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

शिंप्याने खुर्च्या दिल्या, औषधवाल्याने पंखा. वीसेक माणसं होती. जुन्या गिऱ्हाइकांनी आपापली घड्याळं घालून यायचं ठरवलं होतं, त्यामुळे चहा धरलेला प्रत्येक हात मनगट पुढे काढून होता. दादा पांढऱ्या सदऱ्यात, मूडमध्ये. दारात येणारा प्रत्येक जण बोलला की लगेच नाव घेऊन हाक मारत होता.

चारच्या सुमारास मी पुडकं पुढे केलं. कागदवाल्या बाईंनीच बांधून दिलं होतं. दादाने कात्री घेतली नाही. गाठ बोटांनी चाचपली, एक टोक ओढलं, गाठ सुटली. कागदाच्या घडीखालून नख फिरवलं, कागद न फाटता उघडला. सगळे बघत राहिले. डबी हातात येताच त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही तर बाबांची. आतलं कुठाय?"

"त्या जागी दुसरं काही ठेवलंय," मी म्हटलं.

चिमट्याने त्याने चिठ्ठी उचलली. शिंपी म्हणाला, "वाचा की मोठ्याने, आम्हालाही कळू दे."

वहिनी लगेच म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच वाचा ना. तुमचं तुम्हाला बरं वाचता येईल."

आणि मी म्हटलं, "छे वहिनी, त्यातच तर खरी गंमत आहे. घड्याळजीची शेवटची परीक्षा."

हे वाक्य मी पुरवणीत लिहिलं असतं तर कापता आलं असतं.

वहिनी कप गोळा करायला लागल्या. अर्धे भरलेले कपसुद्धा. दादाने खण उघडून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, चिठ्ठी वर धरली. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, गहिवरला. मग त्याने घसा खाकरला आणि सरकारी आवाज लावला.

"मी, खाली सही करणारा धाकटा भाऊ, याद्वारे लिहून देतो की उद्यापासून रोज सकाळी साडेसात वाजता हजर राहीन आणि दादाला अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवीन. जाहिरातींसकट, निधनवार्तांसकट. समास सोडवून."

दुकान हसून कोसळलं. औषधवाला म्हणाला, "एवढ्या शब्दांचा माणूस, आणि भेट काय दिली तर रद्दी."

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. सव्वीस वर्षांची सवय. दुसऱ्याच्या तोंडी चुकीचं वाक्य आलं की जीभ वळवळते. आणि तेव्हा मला दिसलं की चिठ्ठीची लिहिलेली बाजू माझ्याकडे आहे. भिंगासमोर कोरा कागद होता.

मला त्याचं ते कानाकडे बघणं आठवलं. त्यापुढचं आठवायची हिंमत झाली नाही.

"अहो, पण त्यात तर मनोऱ्याचं..." बायको कुजबुजली. मी तिच्या पायावर पाय दिला.

"माझा पाय आहे तो," ती म्हणाली, पण थांबली. तिनेही पाहिलं असावं.

सगळे माझ्याकडे बघत होते. दादा भिंग न काढता माझ्या दिशेने तोंड करून उभा होता. इतक्या जणांत त्याचा हात तेवढा स्थिर होता. एकेचाळीस वर्षांचा सराव.

मी म्हटलं, "सही केली आहे. आता नाही म्हणता येत नाही. फक्त समासांचं मोठ्या मनाने घ्यावं."

"बघू," दादा म्हणाला. चिठ्ठी त्याने डबीत ठेवली, झाकण लावलं, डबी खिशात टाकली. झाकण लागल्याचा बारीक आवाज आला, तो मी अजून ऐकतोय.

२४ मार्च, सोमवार

साडेसातला हजर. दादा दाढी करून बसला होता. मी वाचलं, त्याने ऐकलं. कालची पुरवणी राहिली म्हणाला, तीही वाचली. माझ्या लेखावर अभिप्राय: "पहिलं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवला. ती कागदवाली बाई मात्र शहाणी आहे. हातांचं बरोबर बोलली. तुला ऐकू आलं नव्हतं वाटतं?"

कालचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

२६ मार्च, बुधवार

निधनवार्ता संपल्या तेव्हा वहिनी बाजारात गेल्या होत्या. दादाने विचारलं, "खरं काय होतं चिठ्ठीत?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द पाठ होता. 'त्याच्या पोटात शिर' म्हणताना मला माझीच लाज वाटली.

तो जरा वेळ टेबलावर बोटं फिरवत राहिला. "मनोरा," म्हणाला. "माझं आपलं पेपरवर भागलं होतं."

मग त्याने सांगितलं. मागच्या जूनपासून. आधी सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, काटे वाकलेत म्हणून त्याने दोन चांगली घड्याळं उघडली. मग मधलं जायला लागलं. "जिथे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. कडेचं राहतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तोंड जातं, म्हणून कानाकडे बघतो, मग तोंडाचा थोडा अंदाज येतो. फार काही नुकसान नाही, तोंड मला माहीत आहे." एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचं घड्याळ त्याच्या हातून बिघडलं. त्या दिवशी त्याने दुकान बंद करायचं ठरवलं. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बातमीदार."

मी पेपरची घडी घातली.

"आणि हिला सांगायचं नाही," तो म्हणाला. "ती रडायची नाही, ती कामाला लागेल. सगळं घर माझ्याभोवती बांधून ठेवेल. ते मला बघवणार नाही." आपल्याच शब्दावर थोडा हसला.

मी वचन दिलं.

"रोज मी वाचायचो तुझं," उठताना म्हणाला. "जूनपर्यंत. तुला काय वाटलं?"

२८ मार्च, शुक्रवार

गुपित सांभाळण्यात मी इतका तरबेज असेन असं वाटलं नव्हतं. वहिनी खोलीत आल्या की मी मधूनच म्हणतो, "दादा, हा फोटो बघ, काय गंमत आहे." दादा म्हणतो, "हो, हो." आज त्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या आणि मी त्याला शब्दकोड्याची चौकट दाखवत होतो. त्यांनी बशी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवली, बशीचा काठ टेबलावर दोनदा वाजवला आणि गेल्या. काही म्हणजे काही कळलेलं नाही त्यांना.

३० तारखेचं दादाला विचारलं. "काय बघणार तिथे मी?" म्हणाला. मग थोड्या वेळाने, "घंटा केवढी आहे रे?" मी म्हटलं, "माणूस आत उभा राहील एवढी." "मग जाऊ."

मला एकच भीती, जिना. एकशे अठरा पायऱ्या, गोल, अरुंद. तिथे वहिनींसमोर तो एकदा जरी अडखळला तर सगळं उघडं पडणार. मी ठरवलंय, मी त्याच्या पुढे राहीन आणि मोठ्याने काहीतरी विनोदी बोलत राहीन.

३० मार्च, रविवार

आम्ही चौघं. राखणदार म्हणजे एक लहानखुरा गृहस्थ, चाव्यांचा जुडगा आणि गुडघेदुखी घेऊन पुढे निघाला. त्याच्यामागे मी, मग दादा, मग वहिनी, शेवटी बायको. मी ठरल्याप्रमाणे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावरचा माझा हुकमी विनोद काढला. जिन्यात तो फार पोकळ वाजला.

मग मागून आवाज यायला लागला. "चार. पाच. सहा." वहिनी मोजत होत्या. आधी पुटपुटल्यासारख्या, मग स्पष्ट. "अकरा, इथून वळण. बारा. तेरा, ही झिजलेली आहे. चौदा." मी मागे पाहिलं. दादाचा हात भिंतीवर होता आणि पाय आकड्याबरोबर पडत होता, ठोक्यावर घड्याळ लावावं तसा.

मी विनोद अर्ध्यावर सोडला.

साठाव्या पायरीला दादा थांबला. "तू का मोजते आहेस?"

"सवय," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासूनची?"

राखणदार वरून म्हणाला, "दमलात का?"

"मागच्या पावसाळ्यात मी तुम्हाला सुईत दोरा ओवायला दिला होता," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, नंतर ओवतो. आणि सुई घेऊन दुकानात गेलात. संध्याकाळी आणून दिलीत ती ओवलेली. शिंप्याकडून ओवून आणलीत ना? मग मी पुन्हा दिली नाही."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही इतकं निगुतीनं झाकून ठेवलं होतं. मला उघडवेना."

दादा भिंतीला टेकला. अंधारात त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मला न दिसण्याचा हा पहिलाच अनुभव, आणि तो मला पेलला नाही; मी वर बघत उभा राहिलो. स्टूल, तांब्या, चपला, बशीचे दोन ठोके. वहिनींना कोटी उशिरा कळते असं मी या वहीत लिहिलंय. ते खोडत नाही, राहू दे.

"घर बांधून ठेवलंस तर माझ्याभोवती," दादा म्हणाला.

"ठेवलंच आहे. तुम्हाला कुठे कळलं?"

त्यावर बायको खालून फस्सकन हसली, मग वहिनी, मग दादाही. राखणदार पुन्हा म्हणाला, "दमलात का?"

"एकसष्ट," दादा म्हणाला आणि चालायला लागला. पुढच्या पायऱ्या त्यानेच मोजल्या. वहिनी फक्त वळणं सांगत राहिल्या.

वर तेलाचा आणि गंजाचा वास होता. दादाने राखणदाराला विचारून हात पुढे केला, चाकाच्या दात्यांवरून बोटं नेली, दांड्याला तळवा लावून उभा राहिला. पाच मिनिटांत त्याने सांगितलं की डावीकडच्या चाकाची बैठक सैल आहे आणि म्हणून ते अकरा सेकंद मागे पडतं. राखणदार म्हणाला, हे तो तीन वर्षं वरच्यांना लिहून कळवतोय. मग त्या दोघांची जी गट्टी जमली, तिच्यात आम्हाला कोणी विचारलं नाही. माझ्या सत्तावीस शब्दांचीही आठवण कोणाला झाली नाही. मला झाली, तीही थोडीशीच.

बाराला दोन मिनिटं असताना राखणदाराने सगळ्यांना कान झाकायला सांगितलं. दादाने झाकले नाहीत. वहिनी त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही झाकले नाहीत. पहिला ठोका पडला तेव्हा पायाखालची फळी थरथरली. ठोक्यांच्या मध्ये दादा वहिनींच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. त्यांनी उत्तर दिलं. तो पुन्हा काही म्हणाला, त्यांनी मान हलवली आणि त्याच्या सदऱ्याची बाही नीट केली. माझे कान झाकलेले होते, त्यामुळे मला एक शब्दही ऐकू आला नाही.

खाली उतरल्यावर बायकोने विचारलं, "काय बोलत होते हो?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. आणि मी विचारणार नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझी तब्येत बरी आहे ना अशा नजरेने. दादा पुढे वहिनींच्या दंडाला धरून चालला होता, आणि त्याने मागे न वळता सांगितलं, "पंडित, उद्या साडेसात. आणि तुझी बदली झाली म्हणून कोर्टाच्या बातम्या गाळायच्या नाहीत."